तुम्ही विचारलंत म्हणून: पगार तोच, जागा तीच, मग माणूस का खचतो?

आमच्या ठाण्यातल्या सोसायटीतली बरीच तरुण मंडळी ऐरोली, घणसोली, महापेच्या ऑफिसांत कामाला जातात. दर दोन-तीन महिन्यांनी कुणाच्या तरी कंपनीत रीऑर्ग होतं, म्हणजे खाती नव्याने मांडतात, साहेब बदलतात. मी रबाळ्याच्या एका केमिकल कंपनीत चोवीस वर्षं पर्सोनेलला, म्हणजे आजच्या एचआरला, होते हे सगळ्यांना ठाऊक आहे. मग जिन्यात थांबवून विचारतात, "काकू, पगार तोच आहे, जागाही तीच, कुणाला काढलेलंही नाही. तरी सगळे एवढे खचलेत का?"

हे विचारलं की मला आमचे एक फिटर आठवतात. सगळे त्यांना मामा म्हणत. रत्नागिरीकडचे, कामाला चोख.

पंपाचा शाफ्ट जिथून बाहेर येतो तिथे दोरीसारखं पॅकिंग भरलेलं असतं आणि वरून ते दाबून धरणारं ग्लँड दोन नटांनी आवळलेलं असतं. ढिलं राहिलं तर माल गळतो. फार आवळलं तर शाफ्ट तापतो आणि पॅकिंग जळतं. थेंब थेंब गळतीही लागते, कारण पॅकिंग त्यानेच थंड राहतं. किती थेंब चालतील ते पंपागणिक वेगळं, आणि मामांना त्यांच्या प्लांटमधल्या प्रत्येक पंपाचं पाठ होतं. ऑपरेटरने लांबून नुसता हात केला की मामा पाना घेऊन निघत. दहा मिनिटांत काम आटोपलेलं असे.

१९९९ साली कंपनीने सगळ्या प्लांटचे फिटर, इलेक्ट्रिशियन एकत्र करून सेंट्रल मेंटेनन्स उभं केलं. हा विचार चुकीचा नव्हता, हे मी आजही म्हणेन. एका प्लांटचे फिटर रिकामे बसलेले असत आणि शेजारच्या प्लांटमध्ये माणूस मिळत नसे. एकच बेअरिंग पाच कपाटांत पडून असे. बदल जाहीर झाला त्या दिवशी संध्याकाळी ठाण्याला परतणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये दिघा, विटावा, कळव्याचा पूल येईपर्यंत कुणी बोललं नाही. ठाणे-वाशी लोकल तेव्हा सुरू व्हायची होती. ही बस म्हणजे आमचा रोजचा कट्टा. तिथली शांतता मला अजून आठवते.

नव्या पद्धतीत ऑपरेटरने ब्रेकडाऊन स्लिप भरायची, शिफ्ट इन्चार्जने सही करायची, ती प्लॅनिंगच्या टेबलावर जायची, तिथे जॉब कार्ड निघायचं आणि जो मोकळा असेल तो फिटर यायचा. दुसऱ्या महिन्यात मी हजेरीच्या कामासाठी मेंटेनन्सच्या शेडमध्ये गेले होते. मामांच्या जुन्या प्लांटचा एक पोरगा धावत आला, "मामा, तीन नंबरचा पंप." मामा बाकावरून उठले नाहीत. म्हणाले, "स्लिप आणा."

आवाजात राग नव्हता, म्हणून मला जास्तच लागलं. पोरगा गेल्यावर मी विचारलं. ते म्हणाले, "मॅडम, स्लिपशिवाय गेलो तर विचारतात, कुणी पाठवलं. स्लिप घेऊन गेलो तर नीट झालं का, हे कुणीच विचारत नाही."

मग गणपती आले. सव्वीस वर्षं मामा गणपतीला गावी जात होते. रजेचा अर्ज म्हणजे केवळ उपचार. त्या वर्षी प्लांट मॅनेजर म्हणाले, "तुम्ही आता माझ्याकडे नाही." मेंटेनन्सचे साहेब म्हणाले, "काम त्यांच्या प्लांटचं, आधी त्यांचं लिहून आणा." छापील अर्जावर वरिष्ठांच्या सहीला एकच चौकोन होता. त्याखाली कुणीतरी बॉलपेनने दुसरी रेघ मारली. तीन दिवस दोन्ही केबिनींत फिरून अर्ज माझ्या टेबलावर आला, तेव्हा त्यावर दोन सह्या होत्या आणि दोन्ही सह्यांच्या वर 'शिफारस' लिहिलेलं होतं. 'मंजूर' कुणीच लिहिलं नव्हतं. मी तो अर्ज स्वतः फॅक्टरी मॅनेजरांकडे नेला. रजा मिळाली. पण सव्वीस वर्षांच्या माणसाला गावी जायला मिळेल की नाही, हे सांगणारा कंपनीत एकही माणूस नाही, हे त्यांना कळायचं ते कळलं.

हेन्री फायोल हा फ्रान्समधल्या एका खाण कंपनीचा प्रमुख. त्याने १९१६ साली लिहून ठेवलंय की एका माणसाला हुकूम देणारा एकच असावा. हे सगळ्यांना माहीत असतं. त्याचंच दुसरं सांगणं मात्र लोक विसरतात. दोन वेगवेगळ्या खात्यांतल्या माणसांना प्रत्येक गोष्टीसाठी शिडी चढून वर जाऊन पुन्हा खाली उतरायला लावू नका, दोघांच्या वरिष्ठांच्या संमतीने मधे एक फळी टाका, म्हणजे ती दोघं थेट बोलतील. ऑपरेटरने लांबून केलेला तो हात म्हणजे ही फळीच होती. कोण कुणाच्या हाताखाली याचा नवा चार्ट करताना ती कुणी मुद्दाम काढली नाही. ती कागदावर कधी नव्हतीच, म्हणून कुणाला दिसली नाही.

कायद्यालाही ती दिसत नाही. तेव्हा १९४७ चा औद्योगिक विवाद कायदा लागू होता. पगार, कामाचे तास, रजा, शिफ्ट अशा गोष्टींत बदल करायचा तर कलम ९-अ प्रमाणे कामगारांना २१ दिवसांची नोटीस द्यावी लागे. कोण कुणाला रिपोर्ट करणार, हे त्या यादीत नव्हतं. मामांची रजा एका दिवसाने कमी केली असती तर युनियन दारात उभी राहिली असती. त्यांना ओळखणारा साहेब काढून घेतला, त्याला नोटीस लागली नाही.

पुढच्या वर्षी व्हीआरएस, म्हणजे स्वेच्छानिवृत्तीची योजना, आली. पाच लाखांपर्यंत करमाफी होती, मुलांची शिक्षणं व्हायची होती, प्रत्येकाची कारणं वेगळी. पण माझ्याकडे फॉर्म मागायला सगळ्यात आधी जे आले, त्यांतल्या बहुतेकांना सोडणं कंपनीला परवडणारं नव्हतं. मामा दुसऱ्याच दिवशी आले.

त्यानंतर फॅक्टरी मॅनेजरांनी अर्ध्या पानाचं एक सर्क्युलर काढलं. ग्लँड, बेल्ट, किरकोळ गळती यांसाठी ऑपरेटरने फिटरला थेट बोलवावं, स्लिप मागाहून भरावी. रजा मेंटेनन्सनेच मंजूर करावी, प्लांटला फक्त कळवावं. महिन्याभरात शेडमधलं वातावरण बदललं. सेंट्रल मेंटेनन्स तसंच राहिलं, बेअरिंगही एकाच कपाटात राहिली. ते अर्धं पान पहिल्याच दिवशी निघायला हवं होतं. बदल जाहीर करणारं पहिलं सर्क्युलर मीच टाइप केलं होतं. त्यात चार्टचे चौकोन होते, नावं होती, आणि मामांची रजा कोण मंजूर करणार हे विचारायचं मला सुचलं नाही. ती बोच अजून जात नाही.

गेल्या आठवड्यात तिसऱ्या मजल्यावरची मुलगी आली होती. ऐरोलीत सॉफ्टवेअरमध्ये आहे. एक साहेब बेंगळुरूला, एक इथे, नवा चार्ट सोमवारपासून लागू. मी तिला म्हटलं, चार्ट राहू दे. तुझी रजा कोण मंजूर करणार, आणि काम अडलं तर शेजारच्या टीममधल्या कुणाशी तू न विचारता थेट बोलू शकतेस, एवढं दोघा साहेबांना एकाच मेलमध्ये विचार. दोघांचं उत्तर एकच आलं तर निवांत झोप. वेगळं आलं तर ये, बसून बोलू.