काकूंचा पासवर्ड, काकांचं खातं

गाडी मुंब्र्याच्या पुढे रखडली होती, तेवढ्यात ग्रंथपाल मॅडमचा फोन आला. "अहो, एक काकू काउंटरवर आल्यात. त्यांनी स्वतःचा ईमेल टाकला, स्वतःचा पासवर्ड टाकला, आणि उघडलंय काकांचं खातं."

काकूंनी काहीतरी भलतंच दाबलं असेल, असं आधी वाटलं. मग आठवलं, काल रात्री अकराला वाचनालयाच्या वेबसाइटवर नवा कोड मीच चढवला होता.

वाचनालय मध्य मुंबईतलं, जुनं. सभासद बहुतेक साठीच्या पुढचे. वेबसाइटही वयस्करच. कोणीतरी पीएचपी या प्रोग्रॅमिंगच्या भाषेत हाताने लिहिलेली, आता मी सांभाळतो. पुस्तकाची मुदत वाढवायला लॉगिन करावं लागतं आणि त्याला युजरनेम लागतं. ते वर्षांपूर्वी नोंदणी करताना ठेवलेलं, आता कोणाच्या लक्षात असणार? "माझं युजरनेम काय हो?" ऐकून काउंटरवरची माणसं कंटाळली होती. म्हणून कार्यवाह म्हणाले, ईमेल टाकला तरी आत घ्या. मागणी रास्त होती. वर्डप्रेसने, म्हणजे वेबसाइट बनवायच्या तयार सॉफ्टवेअरने, ही सोय २०१६ मध्येच, ४.५ आवृत्तीत दिली; त्याआधी लोक त्यासाठी वेगळं प्लगइन, म्हणजे जोड-सॉफ्टवेअर, लावायचे. आमचं वर्डप्रेस नाही, त्यामुळे काम माझ्या गळ्यात.

सभासदाची नोंद शोधायला डेटाबेसला जो प्रश्न जातो, त्या क्वेरीत मी एक 'किंवा' घातला. युजरनेम जुळतंय किंवा ईमेल जुळतोय, अशी ओळ दे. चाचणीच्या दहा खात्यांवर झकास चाललं. ती दहाही खाती मीच बनवली होती, त्यांत घोळ सापडणार कुठून?

दादरला उतरलो आणि प्लॅटफॉर्मवरच्या बाकावर लॅपटॉप उघडला. मोबाइलचं नेट जोडून आधी जुना कोड परत चढवला, मग डेटाबेसमध्ये शिरलो. काकूंचा ईमेल शोधला तर दोन ओळी आल्या. एक काकूंची स्वतःची. दुसरी काकांची, आणि तिच्यात काकूंचा ईमेल 'युजरनेम'च्या रकान्यात! ईमेलच्या रकान्यात त्यांच्या ऑफिसचा पत्ता होता.

कसं झालं असेल ते लगेच उमगलं. नोंदणीच्या फॉर्मवर पहिला रकाना युजरनेमचा. काकांना वाटलं, इथेही ईमेलच मागतायत. घरात पाठ होता तो टाकला. युजरनेममध्ये '@' चालणार नाही, असं फॉर्मने कधी सांगितलंच नव्हतं. (वर्डप्रेसही ते चालवून घेतं.) इतकी वर्षं त्याने कोणाचं बिघडलं नाही, कारण दोन रकाने कधी एकमेकांत मिसळले नव्हते. ते मिसळले माझ्या 'किंवा'ने. दोन ओळी मिळाल्यावर माझा कोड मुकाट्याने पहिली उचलत होता, आणि पहिली काकांची होती.

तरी पासवर्ड जुळायला नको होता. जुळला, कारण घरात पासवर्ड एकच. वेगळा असता तर काकूंना नुसतं 'पासवर्ड चुकीचा' दिसलं असतं, 'पासवर्ड विसरलात?' दाबल्यावर लिंक काकांच्या ऑफिसच्या पत्त्यावर गेली असती, आणि काका निवृत्त झाल्यापासून तो पत्ता बंद आहे. विचार केला तेव्हा घाम फुटला तो याचा. कोणी मुद्दाम दुसऱ्याचा ईमेल आपलं युजरनेम म्हणून ठेवला असता, तर खऱ्या मालकाला दारच बंद.

वाचनालयात पोहोचलो तेव्हा काकू पंख्याखाली बसल्या होत्या. रागावल्या नव्हत्या, उलट खुशीत होत्या. "हे मला सांगतात, मी ज्ञानेश्वरीचे खंड नेतो. इथे तर सगळ्या रहस्यकथा! आणि दंडही थकलाय." मी माफी मागितली. दुसऱ्याचं खातं दिसणं ही हसण्यावारी न्यायची गोष्ट नव्हती, हेही कार्यवाहांना सांगितलं.

दुरुस्ती छोटी निघाली. टाकलेल्या मजकुरात '@' असेल तर फक्त ईमेलच्या रकान्यात शोधायचं, नसेल तर फक्त युजरनेमच्या. नोंदणीत '@' असलेलं युजरनेम यापुढे बंद. हातासरशी आणखी एक काढलं: फोनवर '@'चं बटण समोर यावं म्हणून मी रकान्याचा प्रकार 'ईमेल' ठेवला होता, त्यामुळे ज्यांना युजरनेम आठवत होतं त्यांनाच ब्राउझर अडवायला लागला होता. तो साधा मजकुराचा केला. कीबोर्ड ईमेल सुचवताना शेवटी जी जागा सोडतो, तीही आता कापतो.

उरली '@' असलेली जुनी युजरनेमं. बहुतेकांचं युजरनेम आणि ईमेल एकच होतं, त्यांना फरक पडणार नव्हता. दुसऱ्याच्या ईमेलवर बसलेली चार निघाली. त्या चौघांना मी स्वतः फोन केले. काकांचा शेवटी.

"तुमच्यासाठी नवा ईमेल कुठला लिहू?"

"घरात एकच आहे, हिचा."

"तो नाही चालणार. मग ईमेल रिकामा ठेवतो, सभासद क्रमांक हेच युजरनेम करू."

"म्हणजे हिला माझी यादी दिसणार नाही ना?"

"पासवर्डही बदलावा लागेल, काका. तुमचा दोघांचा एकच आहे."

पलीकडे बराच वेळ शांतता. मग हळू आवाजात म्हणाले, "तो राहू दे. तेवढाच एक लक्षात राहतो."