जाणारे रसायन, राहणारे रसायन

सोलापुरात मे महिन्यात पारा चाळिशी ओलांडतो आणि भर दुपारी छतावरचे सौर पॅनेल भोवतालच्या हवेपेक्षाही कितीतरी अधिक तापते. पेरोव्स्काइट सौरघटात प्रकाश शोषण्याचे काम पेरोव्स्काइट या स्फटिकी पदार्थाचा पातळ थर करतो. त्यामुळे अशा घटाच्या कार्यक्षमतेचा नवा आकडा वाचला, की हा थर कशाच्या आधाराने टिकणार, हा प्रश्न माझ्या मनात आधी उभा राहतो. जपानमध्ये त्सुतोमु मियासाका यांच्या गटाने २००९ मध्ये ३.८ टक्के कार्यक्षमतेचा घट तयार केला होता. आज प्रयोगशाळेतील छोटे घट २६ टक्क्यांच्या पुढे गेले आहेत. या प्रगतीत, थर ज्या द्रावणातून बनतो त्यात मिसळल्या जाणाऱ्या पूरक रसायनांचा वाटा फार मोठा आहे. त्यांतली काही आपले काम करून निघून जातात, तर काही थरातच राहतात.

हा थर जेमतेम अर्ध्या मायक्रोमीटरच्या आसपास जाडीचा असतो. द्रावक झपाट्याने उडून गेला, तर एकाच वेळी असंख्य ठिकाणी स्फटिक जन्म घेतात, ते लहान राहतात आणि मध्ये सूक्ष्म छिद्रे उरतात. डायमिथाइल सल्फॉक्साइड हा द्रावक लेड आयोडाइडशी, म्हणजे थराच्या शिसेयुक्त कच्च्या मालाशी, तात्पुरता बांधला जातो आणि ही घाई रोखते. फॉर्मामिडिनियम लेड आयोडाइड या पेरोव्स्काइटची अडचण वेगळी आहे: त्याचे उपयुक्त काळे रूप साधारण १५० अंश सेल्सिअसला तयार होते, पण खोलीच्या तापमानाला ते निरुपयोगी पिवळ्या रूपाकडे झुकते. मिथाइल अमोनियम क्लोराइड मिसळल्यास काळे रूप सहज जुळते आणि स्फटिकही मोठे होतात. त्याचे प्रमाण मुळीच किरकोळ नसते, काही कृतींत ते तीस-चाळीस मोल टक्क्यांपर्यंत (म्हणजे वजनाने नव्हे, रेणूंच्या संख्येने मोजलेल्या टक्क्यांपर्यंत) जाते. मात्र तापवताना त्याचा बराचसा भाग उडून जातो. आमच्याकडे सुती धागा रंगवताना हौदात घातलेले मीठ असेच रंग धाग्यावर चढवते आणि धुण्यात निघून जाते.

दुसऱ्या प्रकारची रसायने थरातच राहावीत अशी अपेक्षा असते. स्फटिकांच्या सीमांवर आयोडाइड निसटल्यामुळे शिशाचे आयन उघडे पडतात, आणि प्रकाशाने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन तिथेच वाया जातात. ऑक्सिजन, गंधक किंवा नायट्रोजन अणूंच्या द्वारे शिशाला धरणारे रेणू ही जागा झाकतात. फॉर्मेट आयन आयोडाइडची रिकामी जागाच भरून काढतो. पोटॅशियम आयोडाइड आयनांची हालचाल आवरते. हात सैल सोडला, तर हीच द्रव्ये सीमांवर साचून विजेची वाट अडवतात.

माझ्या मते सर्वांत कमी चर्चा होते ती जाणाऱ्या रसायनाच्या उरलेल्या अंशाची. मागे राहिलेले मिथाइल अमोनियम उष्णतेत हळूहळू बाहेर पडते आणि थर कमकुवत करते, म्हणून प्रत्येक शोधनिबंधात कार्यक्षमतेशेजारी हा अंशही मोजून द्यायला हवा. पॅनेलच्या प्रमाणित चाचणीत ८५ अंश सेल्सिअस आणि ८५ टक्के आर्द्रतेत १००० तास काढावे लागतात. ती आवश्यकच आहे. परंतु आमचा उन्हाळा कोरडा, प्रखर आणि लांबलेला असल्यामुळे, उष्णता व प्रकाश एकाच वेळी देऊन, घटातून वीज घेत केलेली दीर्घ चाचणी मला सोलापूरसाठी अधिक बोलकी वाटते.