यशवंतसागरच्या काठी बेशरम उपटताना

पहाटे साडेपाचला राजवाड्याशी जमायचं ठरलं होतं. निघेपर्यंत साडेसहा वाजले, कारण पोहे-जिलबी झाल्याशिवाय इंदूरकराचं पाऊल घराबाहेर पडलं तरी शहराबाहेर पडत नाही. आम्ही आठ जण, दोन गाड्या. डिकीत कोयते, हातमोजे आणि कुणीतरी उत्साहानं आणलेली दुर्बीण.

सुपर कॉरिडॉरचा रुंद रस्ता मागे पडला की हातोदच्या वाटेला माळव्याची काळी माती लागते. जानेवारीतला गहू गुडघ्याला आलेला, मध्ये लसणाचे वाफे. आणि थोड्या थोड्या अंतरावर प्लॉट विकणे असल्याच्या पाट्या.

होळकरांच्या काळात गंभीर नदी अडवून यशवंतसागर बांधला. लहानपणी, भर पावसाळ्यात, बाबा आम्हाला इथं सायफन, म्हणजे धरणातलं जादा पाणी बाहेर सोडणाऱ्या नळ्या, सुटलेले बघायला आणायचे. तेव्हा आम्ही फक्त पाणी बघितलं, पक्षी नाही. 2022 मध्ये सिरपूर आणि यशवंतसागर, दोन्ही तलाव रामसर यादीत, म्हणजे जगातल्या महत्त्वाच्या पाणथळ जागांच्या यादीत, गेले. 2025 च्या जानेवारीत उदयपूरबरोबर इंदूरलाही ‘वेटलँड सिटी’, म्हणजे पाणथळी जपणारं शहर, म्हणून मान्यता मिळाली, भारतात पहिल्यांदाच. पेपर वाचून आम्ही फुगलो. पण सिरपूर काही मानपत्रानं वाचलेला नाही. इंदूरचे छायाचित्रकार भालू मोंढे आणि त्यांचे सोबती कित्येक वर्षं त्या तलावापायी खपले. मोंढेंना 2016 मध्ये पद्मश्री मिळाली, तोवर तलावाचं बरंचसं काम होऊन गेलं होतं.

आमचं काम साधं होतं: काठावरची बेशरम काढायची. फिकट जांभळ्या फुलांची, माणसाच्या उंचीची ही झुडपं उथळ पाणी गिळून टाकतात, आणि पाणपक्ष्यांना चरायला नेमकं तेच उथळ पाणी लागतं. तासाभरात आम्ही चांगला ढीग पाडला. घाम पुसत फोटो काढले. तेवढ्यात बांधावरून एक काका आले, डोक्याला मफलर, हातात खुरपं. ढिगाकडे बघून म्हणाले, “भैया, ये यूं नी मरेगी.”

आम्ही तोडलेल्या फांद्या तिथंच ओल्या चिखलावर टाकल्या होत्या. काकांनी एक कांडी उचलली, पेराजवळ नखानं साल खरवडली, आतला हिरवा गाभा दाखवला. चिखलात पडली की या पेरातून मुळं सुटतात. एक तोडलीत तर दहा लावलीत! उन्हात, कोरड्या जागी नेऊन वाळवायला हवी. पुढे हसत म्हणाले, ती इथं कुणी आणली माहीत आहे का? त्यांच्याच वडलांनी, कुंपणाला. गुरं तोंड लावत नाहीत म्हणून.

मग अर्धा दिवस फांद्या वाहण्यात गेला. ते काम फोटोत चांगलं दिसत नाही.

दुपारी सारसांची जोडी दिसली. काकांच्याच शेताच्या कडेला, पाणी साचतं त्या खोलगटीत. उडणाऱ्या पक्ष्यांत जगात सगळ्यात उंच, हे वाचून माहीत होतं. पण गव्हाच्या वर ती लाल डोकी पुढे सरकताना बघितली, तेव्हा दुर्बीण कुणालाच आठवली नाही. एकानं मान वर करून साद घातली आणि दुसऱ्यानं ती मध्येच उचलली.

पावसाळ्यात यांचं घरटं तिथंच होतं, म्हणून काका ट्रॅक्टर वळसा घालून नेत होते. “नुकसान होत असेल ना?” मी विचारलं. “होता तो है,” एवढंच बोलले. मी त्यांना संत ठरवायला निघालो होतो, ते त्यांच्या गावी नव्हतं. चुलतभावानं मागच्या वर्षी जमीन विकली, भाव चांगला आला, हेही त्यांनी त्याच सुरात सांगितलं.

चहाच्या वेळी आमच्यातल्या एकानं हळूच विचारलं, “इकडे बिघ्याचा काय भाव चालू आहे?” सगळे त्याच्याकडे रागानं बघू लागले. मी चहात बघत होतो. सुपर कॉरिडॉरजवळच्या एका प्लॉटची कागदपत्रं माझ्याही कपाटात आहेत, आणि तो प्लॉट घेतला तेव्हा तिथं काय पिकत होतं, हे मी कधी विचारलं नव्हतं.

निघताना काकांनी बजावलं, पुढच्या रविवारी कोयते दोन कमी आणा, पोती जास्त आणा.