आमची वाटचाल: सांधा सुटला ते वर्ष

घरी बोट बांधणाऱ्यांसाठी प्लायची किट बनवायचा धंदा आम्ही दोघांनी सुरू केला, मी आणि माझा तेव्हाचा पार्टनर. १९६२ च्या मिरर डिंगीचं, म्हणजे घरी बांधायच्या छोट्या शिडाच्या बोटीचं, वेड दोघांनाही होतं, तांब्याच्या तारेने फळ्या शिवायच्या आणि फायबरग्लासच्या पट्टीने सांधे पक्के करायचे, अशा सत्तर हजाराच्या वर बोटी झाल्या, बऱ्याचशा लोकांनी घरीच बांधलेल्या. आमच्याकडे दोन रंधे, एक ग्राइंडर आणि जमतील तेवढे क्लॅम्प. शीट २४४० मिमीची आणि बोट त्याहून लांब, म्हणजे खरं काम सांध्याचंच, कापायला काय कोणीही कापतं.

स्कार्फ, म्हणजे दोन शीटांचे काठ तिरके तासून एकमेकांवर चिकटवायचा सांधा, मी करायचो. ६ मिमी प्लायला ८:१ उतार, म्हणजे जाडीच्या आठपट, ४८ मिमीचा तिरका काठ. शीटा पायऱ्यांसारख्या मागे सरकवत एकावर एक रचायच्या आणि सगळ्यांवरून एकदम रंधा मारायचा. मग प्लायचे थर पट्ट्यापट्ट्यांनी दिसतात, पट्ट्या सरळ आल्या की उतार सपाट बसला, एखादी वाकली की तिथे खड्डा किंवा फुगवटा आहे. हे काम मी अजूनही मशीनला देत नाही.

तिसऱ्या वर्षी दुकान बंद करायची वेळ आली. थंड, दमट दिवस, ऑर्डरी अंगावर आलेल्या, इपॉक्सी (रेझिन आणि हार्डनर मिसळून करायचं चिकट) सुकता सुकत नव्हतं म्हणून पार्टनरने गॅसचा हीटर आणून लावला. आदल्या रात्री स्कार्फच्या तोंडांवर पातळ इपॉक्सीचा हात मारून ठेवायचो आणि दुसऱ्या दिवशी घट्ट मिश्रण लावून तसंच चिकटवायचो. दोन-तीन आठवड्यांत फोन सुरू झाले. बोटीच्या पुढच्या टोकाकडे फळी ओढून वाकवली की सांधा काडकन सुटतोय. एका मागून एक किट परत आली, पैसे परत दिले, मिस्त्री सोडून गेले.

कारण आम्हाला सापडलंच नाही, सापडलं ते आमच्या एका गिऱ्हाईक काकांना. पहिल्या वर्षापासूनचे आमचे. तुटलेला तुकडा घेऊन आले आणि म्हणाले, "बघा, लाकडाचा एक तंतू निघालेला नाही." चांगला सांधा मोडला तर लाकूड फाटतं, इथे इपॉक्सी इपॉक्सीवरून सोललं होतं. पृष्ठभागावर मेणासारखा चिकट थर होता, अमाईन ब्लश. थंडी-ओलाव्यात हार्डनर हवेतल्या कार्बन डायऑक्साइडशी आणि पाण्याशी भिडतं त्याने येतो, आणि गॅसचा हीटर तर हीच दोन्ही खोलीत ओततो. हा थर थिनरने नीट जात नाही, साध्या पाण्याने स्क्रबर मारून धुवायचा, पुसून कोरडं करायचं आणि मगच सँडपेपर, नाहीतर मेणच घासून आत बसवाल. आणि क्लॅम्प फार आवळू नका, चिकट सगळं बाहेर येतं आणि सांधा उपाशी राहतो.

पार्टनर त्याच वर्षी धंदा सोडून गेला आणि त्याने स्वतःची किट काढली, मशीनवर कापलेल्या पझल सांध्याची, जिगसॉ कोड्याच्या तुकड्यांसारखे काठ एकमेकांत अडकतात तो. पझल सांधा वाईट नाही, फळ्या अचूक जुळतात, पण त्याचा जोर दोन्ही बाजूंच्या ग्लासवर असतो हे तो सांगत नाही. उलट सगळीकडे सांगत फिरतो की आमचे स्कार्फ सुटायचे. हीटर कोणी लावला, हे मात्र कधी सांगत नाही. हे मला आजही लागतं.

नंतरची वर्षं बरी गेली. दर बॅचमधला एक नमुना आम्ही मोडून बघतो आणि लाकूड फाटलं तरच माल बाहेर जातो.

काका आता त्यांची चौथी बोट बांधतायत, दोन तुकड्यांत सुटणारी, एक तुकडा दुसऱ्यात बसणारी. मधे दोन बल्कहेड, म्हणजे आडव्या भिंती, पाठीला पाठ, आणि आख्खा हल, म्हणजे बोटीचा सांगाडा, पूर्ण झाल्यावर त्यांच्यामधल्या फटीतून करवत. परवा फोनवर मी बजावलं, काका, बोल्टची भोकं करवतीच्या आधी दोन्ही बल्कहेडमधून एकदमच पाडा, जरा मोठी पाडा, घट्ट इपॉक्सीने भरा आणि मग परत मापाची पाडा म्हणजे प्लायच्या कडेत पाणी शिरणार नाही. ते म्हणाले, "पाडून झाली, नमुना पण मोडून बघितला."