कथा लिहिणाऱ्यांचा ग्रुप हवाय? आधी वाचणारे शोधा

जवळपास कुठे कथा-कादंबरी लिहिणाऱ्यांचा ग्रुप आहे का, असं बरेच जण विचारतात आणि विचारताना थोडे अवघडलेले असतात, आपण लिहितो हे कुणाला सांगणंच जड जातं बहुतेक. त्या सगळ्यांसाठी एकदा सविस्तर लिहून टाकते. मी अशा एका छोट्या ग्रुपमध्ये आहे, आमच्या भेटी नियमित होतात आणि माझ्या लिखाणात जो काही फरक पडलाय तो त्या भेटींमुळे पडलाय हे मी छातीठोकपणे सांगते.

आपण म्हणतो लेखकांचा ग्रुप, पण खरं तर तो वाचकांचा ग्रुप असतो. लिहायचं काम तुम्ही घरी एकट्यानेच करणार, ते कुणी वाटून घेत नाही. ग्रुपमध्ये मिळतं काय, तर तुमची कच्ची गोष्ट मन लावून वाचणारी चार माणसं. घरचे वाचतात ते प्रेमापोटी, मित्रमैत्रिणी वाचतात ते मैत्रीखातर, दोघांकडून "छान आहे गं" एवढंच येतं. मासिकाकडे पाठवलं तर साभार परत, का परत ते कधी कळत नाही. या दोन्हींच्या मधली जागा रिकामी असते आणि ग्रुप हवा असतो तो त्या जागेसाठी. त्यामुळे शोधताना "इथे चांगलं लिहिणारे किती आहेत" यापेक्षा "इथे दुसऱ्याचं नीट वाचणारे किती आहेत" हे बघा.

कवितेच्या बैठकांची आपल्याला सवय असते म्हणून कथेचा ग्रुपही तसाच चालेल असं वाटतं, पण तसा तो चालत नाही. कविता दोन मिनिटांत वाचून होते, लगेच दाद मिळते, पुढची सुरू. ३००० शब्दांची कथा मोठ्याने वाचायला २५-३० मिनिटं सहज जातात, दहाव्या मिनिटाला ऐकणाऱ्याचं लक्ष जरा हललं की मधला एखादा धागा सुटतो आणि मग तो कथेच्या शेवटाला दोष देत बसतो. शिवाय वाचणाऱ्याचा आवाज चांगला असला की कच्ची कथाही पक्की वाटायला लागते, कागदावर जिथे वाक्य अडखळतं तिथे आवाज सावरून घेतो. म्हणून आमचा पहिला नियम, कथा आठवडाभर आधी पाठवायची आणि प्रत्येकाने घरी दोनदा वाचून, समासात खुणा करून यायचं. जो वाचून आला नाही त्याने त्या दिवशी फक्त ऐकायचं.

ऑक्सफर्डमधला इंकलिंग्ज नावाचा लेखकांचा गट, म्हणजे टोल्किन, लुईस हे इंग्रजी लेखक आणि त्यांची मंडळी, १९३० आणि ४० च्या दशकांत गुरुवारी संध्याकाळी लुईसच्या कॉलेजमधल्या खोलीत जमायचे आणि एकमेकांना मोठ्याने वाचूनच दाखवायचे. पण ती तीच ती माणसं वर्षानुवर्षं भेटत होती, आधीची प्रकरणं ऐकलेली होती. महिन्यातून एकदा भेटणाऱ्यांना ते जमेल असं मला वाटत नाही.

आता शोधायचं कुठे. वाचनालयात जाऊन ग्रंथपालांशी बोला, नुसता नोटीस बोर्ड बघून परत येऊ नका, कोण कथासंग्रह मागून मागून नेतं हे त्यांना पाठ असतं. पुस्तकांवर चर्चा करणारे वाचनगट असतात, त्यात एकदोघं तरी गुपचूप लिहिणारे सापडतातच. पण माझ्या मते सगळ्यात चांगली जागा म्हणजे लेखन कार्यशाळा. कार्यशाळा संपते, सगळे नंबर घेतात, मोठा व्हॉट्सअॅप ग्रुप होतो आणि महिन्याभरात तिथे फक्त सणांच्या शुभेच्छा उरतात. त्या मोठ्या ग्रुपच्या भरवशावर राहू नका. कार्यशाळा चालू असतानाच लक्ष ठेवा की दुसऱ्याच्या कथेवर नेमकं कोण बोलतंय, "आवडली" च्या पुढे कोण जातंय, आणि त्या दोनतीन जणांना वेगळं गाठून विचारा. माझ्या ग्रुपमधली दोन माणसं मला अशीच मिळाली.

आधीपासून चालू असलेला ग्रुप सापडला तर उत्तम, पण तो कुठल्या प्रकारचा आहे ते आधी विचारून घ्या. काही ग्रुप एकत्र बसून लिहिण्यासाठी असतात, 'शट अप अँड राइट' नावाने जगभर चालतात तसे, तासभर गप्प लिहायचं आणि घरी जायचं, तिथे कुणी कुणाचं वाचत नाही. ज्याला लिहायला वेळच होत नाही त्याला त्याचा फार उपयोग होतो. काही ठिकाणी विषय देऊन तिथल्या तिथे लिहून घेतात, हात मोकळा व्हायला ते चांगलं. आणि तिसरा प्रकार म्हणजे एकमेकांच्या कथांवर काम करणारा. तुम्हाला तिसरा हवा असेल आणि पहिल्यात जाऊन बसलात तर उगाच हिरमोड होईल. एकदा नुसतं ऐकायला जा. दोन तासांतला किती वेळ समोरच्या पानांवर जातोय आणि किती वेळ कुणाला कुठला पुरस्कार मिळाला यात जातोय हे बघा, एकच माणूस बोलतोय का ते बघा आणि "या महिन्यात कुणी काय लिहिलं" असं सहज विचारा. त्या एका प्रश्नाच्या उत्तरावरून ग्रुपची तब्येत कळते.

नाही सापडला तर स्वतः सुरू करा, त्याला फार माणसं लागत नाहीत. चार ते सहा पुरे. हिशोब साधा आहे, पाच जण आहेत, दोन तास आहेत, एका भेटीत दोन कथा घेतल्या तर प्रत्येक कथेला साधारण ५० मिनिटं मिळतात, चार वाचकांनी पाच-पाच मिनिटं बोलायचं म्हणजे २० मिनिटं, उरलेली ३० मिनिटं मोकळी चर्चा. महिन्याला एक भेट धरली तर अडीच महिन्यांनी प्रत्येकाचा नंबर लागतो, नोकरी सांभाळून लिहिणाऱ्याला हा वेग झेपतो. दहा-बारा जण झाले की नंबर पाच-सहा महिन्यांनी येतो, तोपर्यंत माणूस ग्रुपला विसरतो आणि कधीकधी कथेलाही. दिवस कायमचा ठरवून टाका, दुसरा शनिवार तर दुसरा शनिवार, दोघंच आले तरी भेट होणार. दर वेळी "कधी जमतंय सगळ्यांना" असं विचारायला सुरुवात झाली की तो ग्रुप फार टिकत नाही, सगळ्यांना एकाच दिवशी कधीच जमत नसतं. जागा शांत हवी एवढंच, आणि शक्यतो कुणाचं घर नको, नाहीतर ज्याच्या घरी भेट त्याचं अर्धं लक्ष पाहुणचारात.

चर्चेची पद्धत मात्र पहिल्यापासून ठरलेली असावी, यावर मी अडून बसते. विज्ञानकथा लिहिणाऱ्यांमध्ये मिलफर्ड पद्धत प्रसिद्ध आहे, अमेरिकेत मिलफर्ड नावाच्या गावी १९५६ मध्ये सुरू झालेल्या लेखकांच्या बैठकीवरून ते नाव पडलं, पुढे १९६८ मध्ये सुरू झालेल्या क्लॅरियन कार्यशाळेनेही तीच उचलली. सगळ्यांनी गोल बसायचं, एकेकाने ठरलेली मिनिटं बोलायचं, मधे कुणी तोंड घालायचं नाही आणि ज्याची कथा आहे त्याने शेवटपर्यंत गप्प राहायचं, सगळ्यांचं झालं की मग त्याने बोलायचं. ही गप्प राहायची अट मला फार मोलाची वाटते. कारण कथा छापून आली की तुम्ही वाचकाच्या शेजारी बसून "मला इथे असं म्हणायचं होतं" सांगायला जाणार नसता.

पण नवख्या माणसाला ही पद्धत कडक वाटू शकते, चौघं ओळीने बोलतायत आणि आपण खाली मान घालून ऐकतोय. तिथे लिझ लर्मन या नृत्यदिग्दर्शिकेची पद्धत बघा, ती नाचासाठी काढलेली असली तरी लिखाणालाही लागू पडते. त्यात आधी प्रत्येकाने आपल्याला काय भिडलं, काय लक्षात राहिलं ते सांगायचं, मग लेखकाने आपले प्रश्न विचारायचे, मग वाचकांनी मत न मिसळता प्रश्न विचारायचे आणि मत द्यायचं ते सगळ्यात शेवटी, तेही लेखकाची परवानगी घेऊन. आम्ही दोन्हींचं मिश्रण करतो, नवीन माणसाची पहिली कथा असेल तर लर्मन, नंतर मिलफर्ड.

वाचकाने सांगायचं काय, हे एका उदाहरणाने सांगते. आमच्यातल्या एकीची कथा होती, वडील गेल्यावर दोन भाऊ जुनं कपाट उघडतात आणि आत एक कागद सापडतो. चर्चेत पहिला वाचक म्हणाला, कपाट उघडतानाच मला वाटलं की धाकट्याला आत काय आहे ते आधीपासून माहितीये. दुसरी म्हणाली मलाही. चौघांचंही तेच. लेखिका चकित, तिच्या डोक्यात तसं काहीच नव्हतं. मग आम्ही ते पान काढून ओळ ओळ बघितलं तर वाक्य होतं, "त्याने न बघता हात आत घातला आणि कागद बाहेर काढला." खोलीत अंधार आहे म्हणून तिने "न बघता" लिहिलं होतं, वाचणाऱ्याला त्या दोन शब्दांत धाकट्याचं गुपित दिसत होतं. तिने घरी जाऊन ते शब्द खोडले नाहीत, उलट धाकट्याला खरंच माहीत असतं असं धरून कथा पुन्हा लिहिली आणि ती आधीपेक्षा कितीतरी खोल झाली.

यात कुणीही तिला "असं कर" सांगितलं नव्हतं, वाचताना स्वतःला काय वाटलं तेवढंच सांगितलं होतं. "मी इथे गोंधळले", "हे पान मी भरभर उलटलं", "ही बाई मला खोटी वाटली", असं बोलणं लेखकाच्या कामी येतं. "मी असतो तर नायकाला मारलंच असतं" याचा उपयोग नाही, ती त्या वाचकाची कथा झाली. चौघांनी एकाच जागी बोट ठेवलं तर तिथे नक्की काहीतरी आहे, पण चौघांनी सांगितलेले उपाय चार वेगळे असतात आणि त्यातला एकही घ्यायची सक्ती नसते.

कादंबरी लिहिणाऱ्यांचं थोडं अवघड होतं कारण सुटं प्रकरण वाचून कुणाला काही कळत नाही. त्यांनी आधीच्या भागाचा अर्ध्या पानाचा सारांश जोडायचा आणि वाचकांनी वेगाबद्दल निकाल द्यायची घाई करायची नाही. भयकथा, विज्ञानकथा, कौटुंबिक कथा असं सगळं एकत्र चालतं, फक्त "मला हा प्रकार आवडत नाही" हे मत म्हणून धरायचं नाही.

आपली कथा कुणी चोरेल अशी भीती बऱ्याच जणांना असते. लेखकांच्या हक्कांबद्दलच्या बर्न या आंतरराष्ट्रीय करारात असलेल्या देशांमध्ये लिखाण कागदावर उतरलं की त्यावरचा हक्क आपोआप लेखकाचा होतो, त्यासाठी नोंदणीची अट नसते. नुसत्या कल्पनेवर हक्क नसतो हे खरं, पण एकच कल्पना पाच जणांना दिली तर पाच वेगळ्या कथा होतात. जास्त जपायची गोष्ट दुसरीच आहे, कच्ची कथा फेसबुकवर किंवा उघड्या ब्लॉगवर टाकू नका, बरीच मासिकं ती आधी प्रसिद्ध झालेली धरतात आणि मग घेत नाहीत. ग्रुपमध्ये आलेली फाइल ग्रुपबाहेर जाणार नाही, हे सगळ्यांनी एकमेकांना तोंडाने सांगितलेलं बरं.

कुणी वर्षभर नुसतं मत द्यायला येतं आणि स्वतःचं काही आणत नाही, तर त्या माणसाशी बाजूला घेऊन बोला. कधी आजारपण असतं, कधी लिखाण खरंच अडकलेलं असतं, तेव्हा सवलत द्यावी. पण ज्याला फक्त परीक्षक व्हायचंय त्याला प्रेमाने नाही म्हणा, कारण स्वतःची कच्ची पानं समोर ठेवणारा माणूस दुसऱ्याच्या पानांशी जितका सांभाळून वागतो तितकं हा नुसता परीक्षक वागत नाही.

पहिल्या भेटीला कुणाचीच कथा तयार नसेल तर थांबू नका, सगळ्यांना आवडणारी एखादी छापील कथा घ्या, वाचून या आणि तिच्यावरच वरच्या पद्धतीने बोला. कोण कसं वाचतं ते त्या दोन तासांत कळतं. आणि उठण्याआधी पुढच्या वेळी कुणाच्या कथा आणि त्या कुठल्या तारखेपर्यंत पाठवायच्या, एवढं लिहून घ्या.