दोन उजवी चाकं

माझ्या बोटीच्या मॉडेलचं दुसरं चाक पूर्ण झालं त्या रात्री ते पहिल्याच्या शेजारी टेबलावर ठेवलं आणि मान तिरकी करून लांबून पाहिलं. हुबेहूब! आधीचं कुठलं नि नंतरचं कुठलं, हे मलाही सांगता आलं नसतं. दीड महिना कानस घासली, सोल्डरनं बोटं भाजून घेतली, त्याचं चीज झालं असं वाटलं. घरातल्या सगळ्यांना बोलावून दाखवलं. लहान मुलानं काढलेल्या हत्तीच्या चित्राला म्हणतात त्या सुरात सगळ्यांनी ‘छान’ म्हटलं आणि आपापल्या कामाला गेले.

चूक कळायला आणखी दोन दिवस लागले. चाकं हुबेहूब झाली होती, हीच चूक होती. बुटांचा जोड करायला बसलो आणि दोन्ही बूट उजव्या पायाचे केले.

बोट कुठली ते सांगतो. ‘वेव्हर्ली’. स्कॉटलंडमधली, क्लाइडच्या खाडीतली पॅडलची आगबोट. दोन्ही कुशींना दोन मोठी चाकं, त्या चाकांच्या पात्यांनी पाणी मागे ढकलत जाणारी. याच नावाची आधीची, १८९९ सालची बोट मे १९४० मध्ये डंकर्कहून सैनिक आणताना बुडाली. तिच्या जागी लंडन अँड नॉर्थ ईस्टर्न रेल्वेनं ही बांधून घेतली. ग्लासगोच्या ए. अँड जे. इंग्लिस यांच्या गोदीतून १९४६ साली ती पाण्यात उतरली आणि १९४७ च्या उन्हाळ्यात प्रवासी घेऊन धावू लागली. १९७४ मध्ये ती जुन्या पॅडलबोटी जतन करणाऱ्या संस्थेला विकली, ती एका पौंडाला. हौसेला मोल नाही म्हणतात. इथे होतं, एक पौंड. पुढे दुरुस्तीला आणि बॉयलर बदलायला काय लागलं, तो हिशोब वेगळा. समुद्रात प्रवासी नेणारी पॅडलची आगबोट म्हणून जगात आता तीच उरली आहे.

माझी ‘वेव्हर्ली’ अठ्ठेचाळीस पट लहान. मूळ बोट ७३ मीटर लांब, म्हणजे माझी दीड मीटर. हा आकार कसा ठरवला असं कुणी विचारलं तर मी प्रमाण, नकाशे, तपशील वगैरे बोलतो. खरं कारण असं की याहून मोठी केली असती तर ती खोलीच्या दारातून बाहेर निघाली नसती. दार मी आधी मोजलं, बोट नंतर.

तर चाकं. साधं पॅडलचं चाक म्हणजे पाणचक्कीच उलटी. पाती आऱ्यांना घट्ट ठोकलेली, चाक फिरलं की फिरतात. पण अशी पाती पाण्यात शिरताना वरून थापट्या मारतात आणि बाहेर पडताना पाणी उचलून आणतात. निम्मी ताकद पुढे जाण्यात, निम्मी धोबीकामात. म्हणून ‘वेव्हर्ली’सारख्या बोटींच्या चाकांत पाती बिजागरीवर असतात. प्रत्येक पात्याला मागे एक छोटा दट्ट्या, म्हणजे पात्याला घट्ट बसवलेला आखूड हात, दट्ट्याला एक लांब दांडा, आणि सगळे दांडे एका कड्याला जोडलेले. या कड्याचं केंद्र चाकाच्या केंद्रावर नसतं, थोडं पुढे सरकवलेलं असतं. या सरकवण्यातच सगळी मेख आहे. चाक फिरेल तसे दांडे पात्यांना ओढतात, ढकलतात, आणि खाली पाण्यात असेपर्यंत पातं ओळंब्यासारखं उभं राहतं. सुरी घातल्यासारखं शिरतं, तसंच निघतं.

आठ पाती, आठ दांडे. त्यातले सात कड्याला सैल जोडायचे आणि एक घट्ट. आठही सैल ठेवले तर कडं कुणाचंच ऐकत नाही, आठही घट्ट केले तर चाक फिरत नाही. एकानं ओढायचं आणि सातांनी मागून जायचं, अशी ही रचना. गंमत म्हणजे हे मला पुस्तक वाचून कळलं नव्हतं. आठही सैल जोडून चाक फिरवलं, तेव्हा सगळी पाती दमलेल्या माणसाच्या हातांसारखी खाली लोंबली, तेव्हा कळलं.

आता उजव्या कुशीचं चाक बाहेरून पाहा. बोट पुढे जाताना ते घड्याळाच्या काट्याप्रमाणे फिरतं. डाव्या कुशीला जाऊन पाहा, उलटं. म्हणजे डावं चाक हे उजव्याची नक्कल नको, आरशातलं प्रतिबिंब हवं. दट्ट्यांची तोंडं विरुद्ध दिशेला. मी नक्कल केली होती. न्हाणीघरात बादलीवर फळी आडवी टाकून एकेक चाक हातानं फिरवलं. उजवं चाक हळू आवाजात, तेलात बोट बुडवावं तसं पाण्यात शिरत होतं. डावं थपाक, थपाक, थपाक. भिंतीवर आणि माझ्या चष्म्यावर पाणी.

ते आठ दट्ट्ये मग मी उष्णता देऊन एकेक सोडवले आणि उलटे लावले. एक दट्ट्या चिमट्यातून उडाला. नखाच्या पांढऱ्या कडेएवढी पितळेची वस्तू खोलीत कुठे जाऊ शकते याला मर्यादा नाही. गुडघ्यांवर रांगत, जमिनीला गाल लावून, विजेरी आडवी धरून तासभर शोधली. मिळाली नाही. नवीन घडवली, बसवली, वंगण दिलं. दुसऱ्या दिवशी सकाळी सपातीत पाय घातला आणि जुनी सापडली.

चाकं झाल्यावर खरा प्रश्न उभा राहिला. याचा निकाल लावायला मला चाकं करण्यापेक्षा जास्त दिवस लागले.

‘वेव्हर्ली’ची दोन्ही चाकं एकाच आडव्या आसावर आहेत. इंजिन एक, तीन सिलिंडरांचं, तिरकं बसवलेलं, ग्रीनॉकच्या रँकिन अँड ब्लॅकमोर यांनी केलेलं. ते या एका आसाला फिरवतं. दोन्ही चाकं एकदम पुढे किंवा दोन्ही एकदम मागे. एक थांबवून दुसरं चालू ठेवणं तिला जमतच नाही. जुन्या पॅडलच्या टग बोटींना जमायचं. त्यांत दोन इंजिनं असायची, म्हणून त्या जागच्या जागी गिरकी घ्यायच्या. ‘वेव्हर्ली’ वळते ती फक्त सुकाणूवर. पाण्याखाली पंखा (प्रोपेलर) असलेल्या बोटीत पंख्यानं फेकलेलं पाणी थेट सुकाणूवर आदळतं, त्यामुळे बोट अजून हलली नसली तरी नाक वळवते. पॅडलच्या बोटीत चाकं मध्यावर आणि सुकाणू पार शेपटाला. वेग असेल तर सुकाणूला शब्द आहे, वेग गेला की शब्दही गेला.

मॉडेलवाल्याला यावर सोपा उपाय असतो. आस मधोमध कापायचा, दोन मोटरी बसवायच्या, रिमोटच्या एकाच काठीवर दोन्ही जोडायच्या. एक चाक पुढे, एक मागे, बोट भिंगरीसारखी फिरते. बाहेरून काही दिसत नाही, चाकं पेट्यांत झाकलेली असतात. ज्यांना विचारलं त्या सगळ्यांनी हेच करायला सांगितलं. एकानं तर दोन मोटरींचं वजनही काढून दिलं.

मी कापला नाही. का, ते धड सांगता येत नाही. तत्त्वनिष्ठा म्हणावी तर धुराड्यांवरच्या दोरखंडांच्या जागी मी शिवणाचा दोराच वापरला आहे आणि डेकवरच्या माणसांना चेहरे नाहीत. रंग मात्र १९४७ सालचे दिले. धुराडी लाल, वर पांढरा पट्टा, माथा काळा. १९४८ मध्ये रेल्वेचं राष्ट्रीयीकरण झाल्यावर ती पिवळट झाली आणि कितीतरी वर्षं तशीच होती. दिसण्यात सूट घेतली तर फारसं काही वाटत नाही. वागण्यात घ्यायची म्हटलं की हात अडतो. वळायला त्रास होणं हा या बोटीचा स्वभाव आहे. तो काढून टाकला तर दीड मीटर लांबीचं, लाल धुराड्यांचं दुसरंच काहीतरी उरेल. तरी एक कबुली देतो: बोटीच्या पोटात दुसऱ्या मोटरीपुरती जागा मी रिकामी सोडून ठेवली आहे.

या पोटाचीही एक भानगड असते. लांबी अठ्ठेचाळीस पट कमी केली की वजन अठ्ठेचाळीसच्या घनानं कमी होतं, म्हणजे एक लाख दहा हजार पाचशे ब्याण्णव पट. उलटा हिशोब असा की मॉडेलमध्ये एक किलो इकडचं तिकडे झालं, तर खऱ्या बोटीत एकशे दहा टन हलवल्यासारखं. माझी बॅटरी दोन किलोची. ती चार बोटं पुढे सरकवताना आपण दोनशेवीस टन ढकलतोय हे मनात आणलं की बरं वाटतं. इतर बोटी दोन मिलिमीटर वर-खाली तरंगल्या तरी चालतं. पॅडलच्या बोटीला नाही. जरा जास्त बुडाली की चाकं चिखलात रुतलेल्या गाडीसारखी जड फिरतात, जरा वर आली की पाती नुसती पाणी खाजवतात.

ही अडचण ज्यांनी सगळ्यात महागात भोगली, त्यांची बोट मुंबईच्या गोदीत बांधली होती. ‘ह्यू लिंडसे’, ४११ टन, ऐंशी अश्वशक्तीची दोन इंजिनं. २० मार्च १८३० रोजी ती मुंबईहून सुएझला निघाली. वाफेवर तो प्रवास करणारी ती पहिलीच. पहिला मुक्काम एडन, आणि बोटीत कोळसा मावायचा सुमारे साडेपाच दिवसांचा. मग दुप्पट भरला. तळघर भरलं, केबिनी भरल्या, डेकवर ढीग घातले. निघाली तेव्हा इतकी खोल बसली होती की चाकं पाण्यात घुसमटत असणार. अकराव्या दिवशी एडनला पोचली तेव्हा जेमतेम काही तासांचा कोळसा उरला होता. म्हणजे ती रोज थोडी हलकी होत होती आणि चाकं रोज थोडी वर येत होती. त्या अकरा दिवसांत एखादा तरी दिवस असा असेल की पाती पाण्यात बरोबर हवी तेवढी बुडाली. तो कुठला, हे इंजिनवाल्यांना नक्की कळलं असेल. बॅटरी सरकवताना मला दर वेळी त्या दिवसाचा हेवा वाटतो.

वेगाचं मात्र थोडक्यात. बहुतेक मॉडेलं पिसाळल्यासारखी पळवली जातात. विल्यम फ्रूड नावाच्या इंग्रज अभियंत्यानं एकोणिसाव्या शतकात छोट्या प्रतिकृती पाण्यातून ओढून दाखवलं की लाटा मूळ बोटीसारख्या उठायला हव्यात, तर वेग प्रमाणाच्या वर्गमुळानं कमी करावा लागतो. ‘वेव्हर्ली’ नेहमी चौदा नॉटच्या आसपास जाते, म्हणजे ताशी साधारण सव्वीस किलोमीटर. अठ्ठेचाळीसचं वर्गमूळ साधारण सात. उत्तर येतं सेकंदाला एक मीटर, तळ्याकाठानं रमतगमत चालणाऱ्या माणसाचा वेग. म्हणजे बोटीबरोबर काठाकाठानं चालता येतं. फ्रूडच्या नियमात हे लिहिलेलं नाही, पण मला त्यातलं हेच सगळ्यात आवडतं.

पाण्याच्या थेंबाला मात्र फ्रूड ठाऊक नाही. तो आहे तेवढाच राहतो. चाकाच्या पेटीतून उडालेला चार मिलिमीटरचा थेंब डेकवरच्या बिनचेहऱ्याच्या माणसांच्या हिशोबानं जवळपास फुटबॉलएवढा असतो. बिचारे हलत नाहीत.

पहिल्यांदा तळ्यात सोडली ती एका रविवारी पहाटे, कुणी नसेल म्हणून. एक मुलगा होताच. आठ-नऊ वर्षांचा, सायकल आडवी टाकून बसलेला. बोट सरळ निघाली. नाकापाशी नीट लाट उठली, पेट्यांमधून तो हलका सळसळाट, जो मी न्हाणीघरात इतके दिवस ऐकला होता. पन्नास पावलं मी तिच्याबरोबर चाललो. मग समोर लव्हाळी दिसली, घाबरून मी वेग कमी केला आणि सुकाणू पूर्ण फिरवलं. वेग गेला, शब्द गेला. बोट अतिशय सभ्यपणे, जराही न वळता, लव्हाळ्यात जाऊन थांबली.

“काका, एक चाक बंद करा ना,” मुलगा म्हणाला. “म्हणजे वळेल.”

“हिला तसं येत नाही.”

“का?”

“खऱ्या बोटीलाच येत नाही.”

त्यानं थोडा विचार केला. “मग खरी बोट अशीच घुसते?”

१९७७ च्या जुलैमध्ये खरी बोट डनूनजवळच्या गँटॉक्स नावाच्या खडकांवर चढली होती. कारण वेगळं असेल, पण त्याला ‘नाही’ म्हणायची माझी हिंमत झाली नाही. पँट गुडघ्यापर्यंत वर करून मी पाण्यात उतरलो.

पुढच्या रविवारी तो आधीच येऊन बसला होता. बोट सोडली. मी या वेळी वेग कमी करायचा नाही असं ठरवलं होतं, पण लव्हाळी नक्की किती लांब आहेत याचा अंदाज काठावरून येत नव्हता. तो सायकल घेऊन पुढे गेला, लव्हाळ्याच्या अलीकडे एका दगडावर उभा राहिला आणि हात वर करून थांबला. बोट त्याच्यापासून अजून चांगली पंचवीस पावलं लांब होती.

“काका, आत्ता!” तो ओरडला. “आत्ताच वळवा, नंतर ऐकणार नाही ती!”