तुम्ही विचारलंत म्हणून: चॉकलेट सिस्टचा पुढे कॅन्सर होतो का?

परळच्या एका खासगी लॅबमध्ये मी हिस्टोपॅथॉलॉजी टेक्निशियन आहे. ऑपरेशनमध्ये काढलेला भाग बाटलीतून आमच्याकडे येतो, त्याच्या स्लाइड तयार करून आम्ही डॉक्टरांपुढे ठेवतो. निदान डॉक्टर करतात, रिपोर्टवर सहीही त्यांचीच. तरी लेडीज डब्यात, सोसायटीच्या जिन्यात, हळदीकुंकवाला बायका मलाच गाठतात आणि मोबाइलवर रिपोर्टचा फोटो पुढे करतात. त्यातला एक प्रश्न ठरलेला: "अगं, चॉकलेट सिस्ट निघालीय. याचा पुढे कॅन्सर होतो का गं? सगळं काढूनच टाकू का?"

होतो, पण फार थोड्या जणींना. एवढ्यावर कुणाचंच समाधान होत नाही, म्हणून सविस्तर लिहिते.

एंडोमेट्रिओसिसमध्ये गर्भाशयाच्या अस्तरासारख्या पेशी गर्भाशयाबाहेर रुजतात. अंडाशयावर, आतड्यावर, ओटीपोटाच्या आतल्या आवरणावर. दर पाळीला तिथेही रक्त सुटतं आणि बाहेर पडायला त्याला वाट नसते. अंडाशयात ते साठत गेलं की चॉकलेट सिस्ट. पाळी सुरू असण्याच्या वयात साधारण दहांतल्या एकीला हा आजार असतो. म्हणजे आमच्या खच्चून भरलेल्या डब्यात अशा कितीतरी जणी दांड्याला लटकून उभ्या असणार, त्यातल्या बऱ्याच पेनकिलर घेऊन. निदान व्हायला कित्येक वर्षं जातात, कारण "पाळीत दुखायचंच" हे घरातही सांगितलं जातं आणि कधीकधी दवाखान्यातही.

भीती वाढली ती जुलै 2024 मध्ये. अमेरिकेतल्या युटा राज्यातल्या साडेचार लाख बायकांच्या नोंदींवरचा अभ्यास प्रसिद्ध झाला. एंडोमेट्रिओसिस असलेल्यांमध्ये अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका 4.2 पट, आणि अंडाशयात सिस्ट असेल किंवा आजार खोलवर रुजलेला असेल तर जवळजवळ 9.7 पट निघाला. त्यातलं "चौपट" तेवढं फॅमिली ग्रुपवर फिरलं. त्याच अभ्यासातला दुसरा आकडा कुणी पुढे पाठवला नाही: दर 10,000 बायकांमागे सुमारे 10 रुग्ण जास्त. चौपट म्हटल्यावर कशाच्या चौपट, हे विचारायला नको का? युरोपातल्या तज्ज्ञांच्या 2022 च्या मार्गदर्शक सूचनांमध्ये आयुष्यभराचा धोका दिलाय. सर्वसाधारण बाईला 1.3 टक्के, एंडोमेट्रिओसिस असलेलीला 2.5 टक्के. अभ्यास बदलला की पट बदलते, पण मूळ आकडा लहान आहे तो लहानच राहतो.

संबंध आहे हे मात्र खरं, आणि तो जुना आहे. अमेरिकन डॉक्टर जॉन सॅम्पसन यांनी 1925 मध्येच एंडोमेट्रिओसिसमधून अंडाशयात कॅन्सर उद्भवल्याचं मांडलं होतं. अंडाशयाच्या कॅन्सरचे सगळे प्रकार मात्र यात येत नाहीत. 2012 मध्ये तेरा अभ्यास एकत्र करून पाहिलं तेव्हा क्लिअर सेल प्रकाराचा धोका सुमारे तिप्पट, एंडोमेट्रिऑइडचा दुप्पट दिसला. सर्वांत जास्त आढळणाऱ्या हाय ग्रेड सिरस प्रकाराशी त्यात संबंध आढळला नाही. 2010 मध्ये एआरआयडी1ए नावाचं जनुक क्लिअर सेलच्या जवळपास निम्म्या गाठींमध्ये बिघडलेलं सापडलं. गंमत म्हणजे 2017 मध्ये असेच बिघाड कॅन्सर नसलेल्या बायकांच्या खोल एंडोमेट्रिओसिसमध्येही मिळाले. जनुक बिघडलं की कॅन्सर झालाच, इतकं ते सरळ नाही.

आमच्या टेबलावर काय होतं ते सांगते. सिस्ट फॉर्मेलिनमध्ये, म्हणजे ती टिकवून ठेवणाऱ्या द्रावणात, बुडून येते. कापली की आतून डांबरासारखं दाट, तपकिरी रक्त निघतं. ते धुऊन डॉक्टर भिंतीच्या आतल्या बाजूवर बोट फिरवतात. सगळीकडे गुळगुळीत, तपकिरी डागांची असेल तर ठरावीक तुकडे घेतात. कुठे भरीव गाठ लागली, बारीक कोंबांसारखं काही दिसलं, की तिथले जास्त तुकडे घेतात आणि मी जास्त ब्लॉक, म्हणजे तुकडे बसवलेले मेणाचे ठोकळे, बनवते. सोनोग्राफी करणारे डॉक्टरही हेच शोधत असतात: सिस्टच्या भिंतीला भरीव भाग आहे का, त्यात रक्तप्रवाह दिसतो का. म्हणून सोनोग्राफीच्या रिपोर्टमध्ये सेंटिमीटरबरोबर हे वर्णनही वाचा. बायका नुसते सेंटिमीटर पाठ करून येतात.

सीए-125 या रक्ततपासणीचं तर बोलायलाच नको. 35 पर्यंत नॉर्मल असं छापलेलं असतं आणि आपला आकडा 90 आला की घरात रडारड. एंडोमेट्रिओसिसमध्ये तो बऱ्याचदा वाढतो, पाळी चालू असतानाही वाढू शकतो. कुणीतरी "एकदा टाटाला दाखवून घ्या" म्हणतं आणि आमच्या लोकांच्या पायातलं बळच जातं. ब्रिटनमध्ये पाळी गेलेल्या दोन लाखांवर बायकांवर मोठी चाचणी झाली, तिचा निकाल 2021 मध्ये आला. ही रक्ततपासणी किंवा सोनोग्राफी दरवर्षी करूनही अंडाशयाच्या कॅन्सरचे मृत्यू कमी झाले नाहीत. दरवर्षी पॅकेज घेऊन मनाला बरं वाटेल, इतकंच.

आता "सगळं काढून टाकू का" याबद्दल. माझं मत विचाराल तर निव्वळ भीतीपोटी नको. पाळी जाण्याआधी दोन्ही अंडाशयं काढली की हाडं ठिसूळ होण्याचा आणि हृदयविकाराचा धोका वाढतो. आई, मावशी, बहीण यांना स्तनाचा किंवा अंडाशयाचा कॅन्सर झाला असेल तर गोष्ट वेगळी. तिथे बीआरसीए जनुकाच्या (ते बिघडलं की या दोन्ही कॅन्सरचा धोका वाढतो) तपासणीबद्दल डॉक्टरांना जरूर विचारा. आणि ज्या गर्भनिरोधक गोळ्यांना बायका घाबरतात, त्या अंडाशयाच्या कॅन्सरचा धोका कमी करतात. 2008 च्या मोठ्या एकत्रित विश्लेषणात दर पाच वर्षांच्या वापरामागे सुमारे 20 टक्के घट दिसली, आणि गोळ्या बंद केल्यावरही ती बरीच वर्षं टिकली. गोळ्या चालू असताना स्तनाच्या कॅन्सरचा धोका किंचित वाढतो, हेही सांगायला हवं. तेव्हा मैत्रिणीच्या सांगण्यावरून सुरू करू नका, डॉक्टरांशी बोलून ठरवा.

लक्ष कुठे ठेवायचं? चाळिशीनंतर जुनी सिस्ट भराभर वाढली, पाळी गेल्यावर नव्याने दुखू लागलं, पोट सतत फुगलेलं वाटतंय, दोन घासांत पोट भरतंय, सारखी लघवीला लागतेय. असं काही आठवड्यांनंतरही थांबलं नाही तर "गॅस असेल" म्हणत ओवा चघळत बसू नका, स्त्रीरोगतज्ज्ञांना दाखवा.

आणखी एक, माझ्या कामातलं. ऑपरेशन झालंय ना? मग हिस्टोपॅथॉलॉजीचा रिपोर्ट डिस्चार्ज कार्डाच्या फाइलमध्ये लावून ठेवा. दुसरं मत घ्यायचं झालं तर मोठी हॉस्पिटलं बहुतेक वेळा मूळ स्लाइड आणि ब्लॉक मागतात. ते ज्या लॅबमध्ये तपासणी झाली तिथे ठेवलेले असतात आणि लेखी अर्ज करून मिळतात. अर्जात रिपोर्टवरचा नंबर लिहा, नुसत्या नावावरून शोधायला आम्हालाही वेळ लागतो.